कट्ट्यातलं प्रोटीन अन् डब्यातलं प्रोटीन

राजेहो, आजची पोस्ट जरा लांब आहे. सोयाबीनच्या भावावर नाही, सोयाबीन खाण्यावर आहे. चहा घेऊन बसा अन् शेवटपर्यंत वाचा. पटलं नाही तर खाली भांडा, पण आकडे घेऊन भांडा.

आधी एक हिशोब.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात आता तालुक्याच्या गावालाच नाही, मोठ्या खेड्यातही जिम झाल्या आहेत. पोलीस भरतीची तयारी करणारे पोट्टे पहाटे डांबरी रस्त्यावर धावतात अन् संध्याकाळी जिममध्ये जातात. चांगली गोष्ट आहे. तिथे त्यांना सांगितलं जातं, "डब्बा लाव, डब्ब्याशिवाय बॉडी होत नाही." आता दुधाच्या पावडरीपेक्षा वनस्पतीच्या प्रोटीनची हवा आहे. 'प्लांट प्रोटीन', 'व्हेगन', 'शंभर टक्के नैसर्गिक'. डब्यावर हिरवं पान छापलेलं असतं. किलोभराचा डब्बा दोन हजारांच्या घरात जातो.

हे दोन हजार येतात कुठून? बापाच्या सोयाबीनमधून. गेल्या दोन हंगामांत बाजार समितीत चार हजारांच्या आसपास माल गेलेला आपण सगळ्यांनी पाहिला. म्हणजे एक डब्बा म्हणजे अर्धा क्विंटल सोयाबीन. पन्नास किलोचा एक भरलेला कट्टा.

आता त्या कट्ट्यात काय होतं ते पाहा. सोयाबीनमध्ये 36 ते 40 टक्के प्रोटीन असतं. 38 धरा. पन्नास किलोच्या कट्ट्यात 19 किलो प्रोटीन गेलं. डब्यात 70 टक्के धरलं तर 700 ग्रॅम प्रोटीन आलं. बापाने 19 किलो विकलं, पोराने पाऊण किलोही नाही ते विकत आणलं. सत्तावीस पट. अन् त्या डब्याच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: 'सोया प्रोटीन आयसोलेट'.

असा सौदा जगात दुसरा कोणी करत असेल तर सांगा.

डब्यात नेमकं असतं काय

डब्बा म्हणजे जादू नाही अन् विषही नाही. सोयाबीन गिरणीत जातं. हेक्झेन नावाच्या द्रावणात तेल काढून घेतात. शंभर किलोतून साधारण अठरा किलो तेल निघतं, ऐंशी किलोच्या आसपास ढेप उरते. या ढेपेत 46 ते 48 टक्के प्रोटीन असतं. बहुतेक ढेप कोंबड्यांच्या खाद्यात जाते, काही बाहेर देशात जाते. माणसांसाठीचा जो भाग असतो तो अल्कलीच्या पाण्यात विरघळवतात, मग आम्लाने प्रोटीन फाटवतात (दूध फाटवून पनीर काढतो तसंच), धुतात, अन् गरम हवेत फवारून वाळवतात. 90 टक्के प्रोटीनची पावडर तयार. तिला आयसोलेट म्हणतात. 65-70 टक्क्यांवाली ती कॉन्सन्ट्रेट. पुढे त्यात चव, रंग, गोडी अन् घट्टपणासाठी डिंक घालतात.

दुसरा मोठा कच्चा माल म्हणजे पिवळा वाटाणा. हो, तोच. डिसेंबर 2023 मध्ये ज्याची आयात शुल्काशिवाय खुली केली अन् मुदत वाढवत वाढवत जवळपास दोन वर्षं तशीच ठेवली. कॅनडा अन् रशियाचा तो वाटाणा आपल्या तुरीच्या अन् हरभऱ्याच्या भावावर बसला. 1 नोव्हेंबर 2025 पासून त्यावर 30 टक्के शुल्क लागलं, तोवर आपला माल निघून गेला होता. बाजारात जो वाटाणा आपल्या तुरीचा भाव पाडतो, त्याच जातीच्या वाटाण्याचं प्रोटीन डब्यात घालून आपल्याच पोराला विकलं जातं. वरून 'भारतीय शाकाहारी परंपरा' लिहिलेली असते.

प्रोटीन मोजत नाहीत, नत्र मोजतात

ही गोष्ट कृषी सहायकांना माहीत आहे, पोरांना माहीत नाही, म्हणून लिहितो.

डब्यावर जो प्रोटीनचा आकडा असतो तो बहुतेक वेळा नत्र मोजून काढलेला असतो. डेन्मार्कच्या केल्डाल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने 1883 मध्ये ही पद्धत काढली. मालातलं नत्र मोजायचं अन् 6.25 ने गुणायचं. प्रोटीनमध्ये सरासरी 16 टक्के नत्र असतं म्हणून हा गुणाकार. पद्धत चांगली आहे, पण एक भोक आहे. नत्र कुठून आलं हे तिला कळत नाही.

आपल्या भाषेत सांगतो. युरियात 46 टक्के नत्र असतं. 46 ला 6.25 ने गुणा. 287 च्या वर आलं. म्हणजे या पद्धतीने तपासलं तर युरियाच्या पोत्यावर '287 टक्के प्रोटीन' छापता येईल! हसू नका. चीनमध्ये 2008 साली दुधात मेलामाइन मिसळलं गेलं ते याच भोकातून. त्यातही नत्र भरपूर असतं, आकडा फुगतो. लेकरांचे जीव गेले. पावडरीच्या धंद्यात हाच खेळ सौम्य रूपात होतो. ग्लायसिन, टॉरिन असले स्वस्त पदार्थ घालायचे, नत्र वाढवायचं, आकडा वाढवायचा. विष नसतं ते, पण पैसे प्रोटीनचे घेतलेले असतात.

आपल्या देशातलंच पाहा. केरळच्या यकृततज्ज्ञांच्या गटाने बाजारातल्या 36 प्रोटीन पावडरी तपासून 2024 मध्ये 'मेडिसिन' या नियतकालिकात निष्कर्ष छापले. ही तपासणी फक्त वनस्पतीच्या पावडरींची नव्हती, सगळ्या प्रकारांची होती. सुमारे 70 टक्के डब्यांवरचा प्रोटीनचा आकडा बरोबर नव्हता. काहींमध्ये लिहिल्याच्या निम्मंच निघालं. 14 टक्क्यांच्या आसपास नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन सापडलं, 8 टक्क्यांत कीडनाशकाचे अंश.

आपल्या सोयाबीनमध्ये बारा टक्क्यांवर ओलावा निघाला की कट्टा बाजूला काढतात. नोव्हेंबर 2024 मध्ये 15 टक्क्यांपर्यंत सवलत मिळवायला केवढी ओरड करावी लागली. अन् इथे निम्मं प्रोटीन गायब असलेला डब्बा काचेच्या कपाटात उभा आहे. आपल्याला चाळणी, त्यांना चमकीचं लेबल.

आता आपल्या घराकडे बघू

डब्बेवाल्यांना शिव्या देऊन मोकळं होता येणार नाही. डब्बा विकला जातो कारण घरच्या ताटात खरंच खड्डा आहे.

आयसीएमआर अन् हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने सांगितलेली गरज आहे वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रोटीन. मुख्य भर धान्यावरच असेल तर एक ग्रॅम धरा. साठ किलोच्या माणसाला म्हणजे रोज 50 ते 60 ग्रॅम.

आपल्या ताटात किती येतं? वरण म्हणजे तळाला डाळ अन् वर पाणी. पाच माणसांत पाव किलोही डाळ शिजत नाही, कित्येक घरी मूठभर शिजते. तूर पिकवणाऱ्या घरात डाळ महाग म्हणून पातळ वरण! तूर आपण कट्ट्याने विकतो अन् डाळ किलोने विकत आणतो. घरच्या जात्यावर डाळ करणं बंद झालं, सोले अन् घुगऱ्या फक्त दिवाळीनंतरच्या दोन महिन्यांत.

ज्वारीचं तर विचारूच नका. सोयाबीन आलं अन् ज्वारी गेली. 1994 च्या जेएस 335 नंतर तर शिवारच पिवळं झालं. त्याला माझा विरोध नाही, त्या पिकाने दोन पैसे दिले. पण ज्वारी गेली तेव्हा ताटातली भाकर गेली अन् तिच्यासोबत खाल्लं जाणारं चून, फुनके, जवसाची चटणी हेही कमी झालं. जागा घेतली रेशनच्या तांदळाने. अन्न सुरक्षा कायदा 2013 चा. त्यात माणशी पाच किलो धान्य आहे. गहू, तांदूळ, भरड धान्य. डाळीचा दाणा त्यात नाही. पोट भरण्याची सोय झाली, ताकदीची नाही.

अन् ताटात जे थोडंफार असतं ते कोणाच्या वाट्याला जातं? आधी बाप्या माणसांना, मग पोरांना, शेवटी बायकांना. निंदणाला, वेचणीला दिवसभर वाकणारी बाई रात्री भात अन् वरणाचं पाणी खाते. जिममधल्या पोट्ट्यासाठी दोन हजार निघतात, तिच्यासाठी पाव किलो डाळ जास्त निघत नाही. माझं खरं भांडण इथे आहे. प्रोटीनची चर्चा दंडाच्या मापावर चालली आहे. ती व्हायला पाहिजे गरोदर सुनेच्या, वाढत्या लेकराच्या अन् दात पडलेल्या म्हाताऱ्यांच्या ताटावर.

स्वस्त काय, महाग काय

शंभर ग्रॅम प्रोटीन मिळवायला किती पैसे लागतात ते काढू. दर आपापल्या गावचे टाका, उत्तर फार बदलणार नाही.

▪️ सोयाबीन: 2025-26 चा हमीभाव 5328, म्हणजे किलोला 53 रुपये. शंभर ग्रॅम प्रोटीन 14 रुपयांत.
▪️ सोयावडी: 52 टक्के प्रोटीन, दर 140 धरला तर 27 रुपये.
▪️ तूरडाळ: 22 टक्के, दर 120 धरला तर 55 रुपये.
▪️ फुटाणे: 20 टक्के, दर 150 धरला तर 75 रुपये.
▪️ अंडी: एकात 6 ग्रॅम, सात रुपयाला एक धरलं तर 117 रुपये.
▪️ दूध: लिटरमध्ये 33 ग्रॅम, पन्नास रुपये लिटर धरलं तर 150 रुपये.
▪️ प्लांट प्रोटीनचा डब्बा: दोन हजार रुपये किलो, 70 टक्के प्रोटीन. 285 रुपये.

सोयाबीनच्या वीसपट.

अजून एक आकडा. एक क्विंटल सोयाबीनमध्ये 38 किलो प्रोटीन. माणसाला वर्षाला 18 किलो लागतं. म्हणजे एका क्विंटलमध्ये दोन माणसांचं वर्षभराचं प्रोटीन आहे. एकरी सहा क्विंटल पिकलं तर बारा माणसांचं. सगळं प्रोटीन सोयाबीनमधूनच घ्या असं म्हणत नाही. पाच माणसांच्या घरात माणशी रोज 20 ग्रॅम सोयाबीन पोटात गेलं तर वर्षाला साडेछत्तीस किलो लागतं. हमीभावाने त्याची किंमत होते 1945 रुपये. एका डब्याच्या पैशात पाच माणसांचं वर्ष!

"पण भाऊ..." म्हणणाऱ्यांसाठी

"सोयाबीनने पुरुषात बायकीपणा येतो." हे जिममध्ये फार चालतं. सोयाबीनमध्ये आयसोफ्लेव्होन असतात, त्यांची रचना इस्ट्रोजेनशी थोडी जुळते, तिथून ही आवई उठली. 2010 अन् 2021 साली बऱ्याच प्रयोगांची एकत्र छाननी झाली. पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनवर परिणाम दिसला नाही. अन् गंमत अशी, जो पोट्टा सोयाबीनला भितो त्याच्याच डब्यात सोया आयसोलेट असतं.

"डाळीचं प्रोटीन अपुरं असतं." अर्धं खरं. डाळीत मेथिओनिन कमी, लायसिन भरपूर. ज्वारी-गव्हात लायसिन कमी, मेथिओनिन ठीक. दोन्ही एकत्र खाल्लं की एकाची उणीव दुसरं भरतं. चून-भाकर, वरण-पोळी, खिचडी. आपल्या आज्यांनी ॲमिनो ॲसिड हा शब्द ऐकला नव्हता, पण जोडी बरोबर लावली होती. प्रमाण मात्र नीट पाहिजे. तीन वाटे धान्याला एक वाटा डाळ, नुसता वास नको.

"गॅस होतो." होतो. भिजवून ते पाणी फेका, नीट शिजवा, एकदम वाटीभर खाऊ नका. पंधरा दिवसांत पोट सरावतं.

"सोयाबीन म्हणजे ढोरांचं खाद्य." हे वाक्य ज्याने आपल्या डोक्यात घातलं त्याचं भलं झालं, आपलं नाही.

कच्चं सोयाबीन खाऊ नका. पुन्हा सांगतो, कच्चं नको.

ही पोस्ट वाचून उद्या कोणी सरळ कट्ट्यातलं सोयाबीन दळून आणेल, म्हणून हा भाग सगळ्यात महत्त्वाचा.

कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन इनहिबिटर असतात. पोटात प्रोटीन पचवणारं जे पाचकद्रव्य असतं त्यालाच ते बांधून ठेवतात. म्हणजे खाल्लेलं अंगी लागत नाही, वरून पोट बिघडतं. उष्णतेने ते मोडतात. दळून पिठात मिसळायचं तर आधी उकळलंच पाहिजे. पोळी तव्यावर मिनिटभर राहते, तेवढी आच पुरत नाही.

पद्धत अशी:

1️⃣ खाण्यासाठीचा माल मळणीच्या वेळीच वेगळा काढा. डागी, काळपट, पावसात भिजलेला, बुरशी आलेला दाणा नको. पेरणीसाठी औषध लावलेलं बियाणं उरलं असेल तर ते कोणत्याही परिस्थितीत खायचं नाही, धुऊनही नाही.
2️⃣ पाखडून, निवडून घ्या. जमलं तर भरडून साल काढून डाळ करा. वास अन् गॅस दोन्ही कमी होतात.
3️⃣ पाणी आधी खळखळ उकळू द्या, मग त्यात दाणे टाका. थंड पाण्यात टाकून तापवलं तर तो हिरवट, कच्चट वास येतो. 25 ते 30 मिनिटं उकळा.
4️⃣ पाणी फेका. कडक उन्हात कडकडीत वाळवा. दाताखाली कट्कन फुटला पाहिजे.
5️⃣ दळताना एक किलो सोयाबीनला नऊ किलो गहू किंवा ज्वारी. एकटं दळायला नेलं तर तेलामुळे चक्कीचा दगड धरतो अन् चक्कीवाला पुन्हा घेणार नाही.
6️⃣ हे पीठ महिनाभराच्या वर ठेवू नका, तेल खवट होतं. थोडं थोडं दळा.

भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेत सोयाबीनच्या खाद्यप्रक्रियेवर कित्येक वर्षं काम चालू आहे. पीठ, दूध, पनीर सगळ्याच्या पद्धती तिथे आहेत. बचत गटाच्या बायकांनी जाऊन शिकून यावं अशी ही जागा आहे.

ज्यांना थायरॉइडची गोळी चालू आहे त्यांनी गोळी अन् सोयाबीन यात काही तासांचं अंतर ठेवावं, डॉक्टरला विचारावं. सोयाबीनची ॲलर्जी असते काहींना, त्यांनी दूर राहावं. किडनीचा त्रास असलेल्यांनी प्रोटीन वाढवण्याआधी, मग ते डब्यातलं असो की ताटातलं, डॉक्टरला विचारलंच पाहिजे.

ताट कसं भरायचं

साधा शेतकरी माणूस, साठ किलो. दिवसभरात तीन भाकरी (दोनशे दहा ग्रॅम ज्वारी): 20 ग्रॅम. साठ ग्रॅम कोरड्या डाळीचं घट्ट वरण किंवा चून: 13. वीस ग्रॅम सोयाबीन पिठातून: 7. तीस ग्रॅम शेंगदाणे किंवा फुटाणे: 7. भाजी अन् ताक: 3. झाले पन्नास. एकही डब्बा लागला नाही.

भरतीवाला पोट्टा, पासष्ट किलो, रोज घाम गाळतो. त्याला 90 ते 100 ग्रॅम लागू शकतात, मान्य. वरच्या ताटात पन्नास ग्रॅम सोयावडी टाका, 26 ग्रॅम वाढले. अर्धा लिटर दूध किंवा अंडी तीन टाका, 16 ते 18 अजून. नव्वदच्या वर गेला. पन्नास ग्रॅम सोयावडी सात रुपयांची. तेवढंच प्रोटीन डब्यातून घ्यायला चौऱ्याहत्तर रुपयांचा चमचा.

अन् पोट भरून खा रे बाबांनो. भाकर कमी करून पावडर पिणारे पाहतो मी. अंगाला आच कमी पडली की शरीर प्रोटीनच सरपणासारखं जाळतं. महागाचं सागवान चुलीत घातल्यासारखं आहे ते.

तरी डब्बा घ्यायचाच असेल

काहींना खरंच गरज असते. आजारातून उठलेला माणूस, चावता न येणारी म्हातारी, जेवण जात नाही असा रुग्ण, मोठ्या पातळीवरचा खेळाडू. त्यांना डॉक्टरने किंवा आहारतज्ज्ञाने सांगितलं तर जरूर घ्यावं. बाकीच्यांनी राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या आहार मार्गदर्शिकेतलं म्हणणं लक्षात ठेवावं: बॉडी बनवायला प्रोटीन पावडरी टाळा. घ्यायचाच असेल तर खताचं पोतं घेताना जसं एन-पी-के वाचता तसं वाचा.

✅ 'एका स्कूपमध्ये' किती हे पाहू नका, 100 ग्रॅममध्ये किती ते पाहा. 30 ग्रॅममध्ये 24 म्हणजे 80 टक्के. 30 मध्ये 15 म्हणजे निम्मा डब्बा दुसऱ्याच कशाचा तरी आहे.
✅ घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिलं नाव प्रोटीनचं पाहिजे. साखर, माल्टोडेक्स्ट्रिन वरच्या तीनात असेल तर परत ठेवा.
✅ ग्लायसिन, टॉरिन वेगळे घातलेले असतील तर नत्राचा खेळ आठवा.
✅ एकच वाटाणा किंवा एकटा तांदूळ घेण्यापेक्षा सोया, किंवा वाटाणा अधिक तांदूळ असं मिश्रण बरं. चून-भाकरीचंच गणित.
✅ 14 आकडी एफएसएसएआय नंबर असायलाच हवा. पण तो परवाना आहे, शुद्धतेचा दाखला नाही. त्या बॅचचा शिसं, कॅडमियम, आर्सेनिकचा तपासणी अहवाल मागा. झाड जमिनीतून जड धातू उचलतं हे आपल्याला सांगायची गरज नाही, म्हणून वनस्पतीच्या पावडरीत हा प्रश्न जास्त येतो. अहवाल मागितल्यावर जो चिडतो त्याचा माल घेऊ नका.
✅ प्रोटीनसोबत जडीबुटी, 'फॅट बर्नर', 'मर्दानी ताकद' असलं काही मिसळलेलं बिलकुल नको. यकृतावर येतं.
✅ सुटी, सीलफोड, ट्रेनरने पिशवीत बांधून दिलेली पावडर नको. बिल नसेल तर माल नको. कृषी केंद्रात आपण हेच म्हणतो ना?
✅ लहान लेकरांना अन् गरोदर बाईला स्वतःच्या मनाने नाही.

कृषी खात्याला अन् शास्त्रज्ञांना

साहेबहो, तुमच्या शेतीशाळेत मी येतो, शिकतो, मान ठेवून बोलतो. पण प्रत्येक वाणाबद्दल तुम्ही उतारा सांगता, दिवस सांगता, येलो मोझॅक सांगता. प्रोटीन किती ते काहून सांगत नाही? बाजारात ओलावा, काडीकचरा अन् डागी दाणा यावर पैसे कापतात. ज्या प्रोटीनसाठी अख्खा कारखाना चालतो त्यावर एक रुपया जास्त देत नाहीत. दुधाला फॅटवर भाव मिळतो, उसाला उताऱ्यावर मिळतो. सोयाबीनला प्रोटीनवर काहून नाही?

इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने एनआरसी 127, एनआरसी 142 असे वाण काढले, ज्यात तो ट्रिप्सिन इनहिबिटरचा मुख्य प्रकार नाही. खाण्यासाठीचं सोयाबीन. आपल्या किती कृषी केंद्रांत त्यांचं नाव घेतलं जातं? आपल्या विभागाला शिफारस आहे का, इथे कसं येतं, हे अकोल्याच्या विद्यापीठाने अन् कृषी विज्ञान केंद्राने आपल्या शिवारात लावून दाखवावं. एकेक गुंठ्याचं प्रात्यक्षिक चालेल.

अन् शेतकरी भावांनो, गंधक विसरू नका. मेथिओनिन हे गंधकाचं ॲमिनो ॲसिड आहे. आपण डोळे झाकून डीएपी टाकतो, त्यात गंधक नाही. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये 11 टक्क्यांच्या आसपास आहे. माती तपासून गंधक कमी असेल तर सुपरकडे वळा. पेरणीआधी रायझोबियम लावा. झाडाच्या मुळावरची गाठ हीच खरी प्रोटीनची फॅक्टरी आहे.

करायचं काय

मोठमोठ्या मागण्या नंतर. या हंगामात तीन गोष्टी करू.

एक, मळणीच्या दिवशी घरच्यासाठी चाळीस किलो चांगलं सोयाबीन अन् वर्षाची तूर बाजूला काढायची, मग बाकीचं काट्यावर. भाव काहीही असो.

दोन, गावातल्या शेतकरी उत्पादक कंपनीने किंवा बचत गटाने उकळलेल्या सोयाबीनचं पीठ, फुटाण्याचं पीठ, जवस-तीळ घालून साधी पावडर बनवावी. तपासून घ्यावी, टक्के खरे लिहावे, अन् जिमच्या दारात विकावी. किलोला दोनशे रुपये मिळाले तरी सोयाबीनच्या बाजारभावाच्या पाचपट होतात, अन् पोट्ट्याचे अठराशे वाचतात.

तीन, ताट वाढताना डाळ तळातून ढवळून वाढा. अन् पहिली वाटी तिला, जी नेहमी शेवटी बसते.

प्रोटीन आपल्या जिल्ह्यात कमी नाही. कट्टे शिवून शिवून आपण ते गाडीत भरतो. घरी ठेवायला फक्त एक कट्टा लागतो.

तुमच्या घरी रोज किती डाळ शिजते अन् खाणारे किती, खरं खरं खाली लिहा. लाजू नका. अन् ज्या ताईंनी सोयाबीनचं पीठ करून पाहिलं असेल त्यांनी आपली पद्धत टाका, माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं.